चोरीला गेलेल्या मोटारीची भरपाई : घोषित मूल्य, कपात आणि दाद

टहरौली ही उत्तर प्रदेशातील झाशी जिल्ह्याच्या पाच तहसिलींपैकी एक. बुंदेलखंडातील या भागात घरची मोटार रुग्णाला झाशीला नेण्यापासून बाजारहाटापर्यंत अनेक कामांना लागते आणि पुष्कळदा तिच्यावर बँकेचे कर्जही असते. अशी मोटार एखाद्या रात्री दारातून चोरीला गेली, तर वाहन जाते, कर्जाचा हप्ता मात्र सुरूच राहतो. झाशी जिल्ह्याला मध्य प्रदेशाची सीमा लागून आहे आणि राष्ट्रीय महामार्ग क्रमांक २७ व ४४ झाशीजवळ एकत्र येतात. त्यामुळे चोरलेले वाहन थोड्याच वेळात दुसऱ्या राज्यात नेणे चोरांना अवघड जात नाही.

वाहनाचा सर्वंकष विमा असेल तर या नुकसानीची भरपाई मिळते. केवळ तृतीय पक्ष विमा असल्यास मात्र चोरीबद्दल काहीही मिळत नाही, हे प्रथमच लक्षात घेतले पाहिजे. सर्वंकष विमा असूनही अनेक वाहनमालकांना दोन अडचणींना तोंड द्यावे लागते. कंपनीचा पहिला देकार विमापत्रावरील रकमेपेक्षा कमी असतो, किंवा एखाद्या अटीच्या भंगाचे कारण दाखवून दावा सरसकट फेटाळला जातो. या दोन्ही प्रसंगी वाहनमालकाची बाजू कशावर उभी राहते, सर्वोच्च न्यायालयाने गेल्या दोन दशकांत कोणती तत्त्वे घालून दिली आहेत आणि दाद कोठे मागावी, याचा हा आढावा.

भरपाईचा पाया : विमाकृत घोषित मूल्य

चोरीच्या दाव्यात रकमेचा वाद सुरू होतो, तेव्हा सर्वप्रथम विमापत्रावरील एक आकडा पाहावा लागतो. हा आकडा म्हणजे विमाकृत घोषित मूल्य. व्यवहारात त्याला 'आयडीव्ही' म्हणतात. विमापत्र देताना कंपनी आणि ग्राहक यांनी मान्य केलेली ती वाहनाची किंमत असते. मोटार पूर्णतः नष्ट झाली किंवा चोरीला गेली, तर हीच रक्कम भरपाईचा आधार ठरते.

हे मूल्य ठरविण्याची रीत २००२ च्या भारतीय मोटार दरपत्रकात दिलेली आहे. उत्पादकाची सूचिबद्ध विक्री किंमत घ्यायची आणि वाहनाच्या वयानुसार तीतून घसारा वजा करायचा. वाहन सहा महिन्यांपर्यंतचे असेल तर ५ टक्के, सहा महिने ते एक वर्ष १५ टक्के, एक ते दोन वर्षे २० टक्के, दोन ते तीन वर्षे ३० टक्के, तीन ते चार वर्षे ४० टक्के आणि चार ते पाच वर्षे ५० टक्के, अशी ही श्रेणी आहे. पाच वर्षांहून जुन्या वाहनाचे मूल्य कंपनी व ग्राहक यांच्या परस्पर संमतीने ठरते. हेच कोष्टक विमापत्रांत छापण्याची पद्धत रूढ झाली. तरीही प्रत्येकाने आपल्या विमापत्रातील कोष्टक स्वतः वाचून घेणे इष्ट.

येथे एक गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. घसारा विमापत्र सुरू होताना एकदाच वजा होतो. विम्याच्या वर्षात नवव्या किंवा अकराव्या महिन्यात चोरी झाली, म्हणून पुन्हा घसारा लावण्याची तरतूद दरपत्रकात नाही. 'आज बाजारात अशी जुनी मोटार इतक्यालाच मिळते' हा युक्तिवाद कंपनीच्या प्रतिनिधीकडून ऐकू येतो, पण विमापत्राचे नूतनीकरण करताना कंपनीनेच विशिष्ट मूल्य मान्य करून त्यावर हप्ता घेतलेला असतो. अपघातात मोटार पूर्णतः निकामी झाल्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हेच तत्त्व उचलून धरले. विमा देताना जे मूल्य कंपनीने स्वीकारले, ते काही महिन्यांतच मनमानी पद्धतीने निम्म्यावर आणता येणार नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता.

एक हिशेब

कल्पनेसाठी एक उदाहरण घेऊ. टहरौलीतील एका शेतकरी कुटुंबाने घेतलेल्या मोटारीची सूचिबद्ध किंमत ८ लाख रुपये होती. विम्याचे नूतनीकरण झाले तेव्हा मोटारीस दोन वर्षे पूर्ण होऊन तिसरे चालू होते. घसारा ३० टक्के, म्हणजे २ लाख ४० हजार रुपये. घोषित मूल्य झाले ५ लाख ६० हजार रुपये. त्यानंतर नऊ महिन्यांनी मोटार चोरीस गेली.

या रकमेतून विमापत्रातील सक्तीची वजावट कापली जाते. १५०० सीसीपर्यंतच्या मोटारीसाठी ती १,००० रुपये आणि त्याहून मोठ्या इंजिनासाठी २,००० रुपये अशी ठरलेली आहे. हप्ता कमी करण्यासाठी ग्राहकाने ऐच्छिक वजावट स्वीकारली असेल, तर तीही कापली जाईल. ऐच्छिक वजावट नाही असे गृहीत धरले, तर देय रक्कम ५ लाख ५९ हजार रुपये होते.

आता समजा, या मोटारीवर बँकेचे ३ लाख ५० हजार रुपये कर्ज बाकी आहे. विमापत्रावर बँकेच्या तारणाची नोंद असल्याने भरपाईतून प्रथम बँकेची येणी भागविली जातात. कुटुंबाच्या हाती २ लाख ९ हजार रुपये पडतात. कंपनीने पूर्ण रकमेऐवजी ४ लाख २० हजार रुपये देऊ केले, तर कर्ज फेडून कुटुंबाला अवघे ७० हजार रुपये उरतील. देकारातील घट १ लाख ३९ हजार रुपयांची असली, तरी कुटुंबाच्या हाती येणारी रक्कम जवळजवळ एक तृतीयांशावर येते. कर्जदार वाहनमालकाला देकाराच्या आकड्यावर अडून बसणे का भाग पडते, ते यावरून समजते.

दावा प्रलंबित असताना कर्जाचे हप्ते थांबवू नयेत. बँक आणि ग्राहक यांच्यातील करार विम्यावर अवलंबून नसतो. हप्ते थकल्यास दंडव्याज वाढते आणि पुढे भरपाईचा मोठा भाग त्यातच जातो. त्यामुळे चोरीची लेखी सूचना बँकेला त्वरित देऊन हप्त्यांबाबत तेव्हाच बोलून घेणे श्रेयस्कर.

'रिटर्न टू इनव्हॉइस' नावाचे पूरक संरक्षण घेतलेले असेल, तर भरपाई घोषित मूल्यापुरती मर्यादित न राहता खरेदीच्या बिलातील किमतीपर्यंत जाऊ शकते. त्यात नोंदणी शुल्क व पथकर धरला जातो की नाही, हे प्रत्येक कंपनीच्या अटींनुसार ठरते.

पहिले चोवीस तास

रकमेचा वाद पुढे होतो, पण त्याचा निकाल बहुधा पहिल्या दिवशीच्या कृतीवर अवलंबून असतो. चोरी लक्षात येताच ११२ या क्रमांकावर कळवावे आणि पोलीस ठाण्यात फिर्याद नोंदवावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला, तरी कोणत्याही ठाण्यात त्याची खबर देता येते. इलेक्ट्रॉनिक माध्यमातून दिलेल्या खबरीवर तीन दिवसांच्या आत स्वाक्षरी करावी लागते. ठाण्याने नोंद घेण्यास नकार दिला, तर जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांकडे, झाशीच्या बाबतीत वरिष्ठ पोलीस अधीक्षकांकडे, लेखी अर्ज पाठविण्याची आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाण्याची तरतूद त्याच कलमात आहे.

खबरी अहवालात चासी क्रमांक, इंजिन क्रमांक, नोंदणी क्रमांक, वाहन उभे केल्याचे ठिकाण व वेळ अचूक असावी. वाहनात ठेवलेली कागदपत्रे गेली असतील, तर त्यांचाही उल्लेख करावा. पुढे विमा कंपनीला दिलेल्या निवेदनात वेळ किंवा जागा वेगळी आढळली, तर त्या विसंगतीचाच आधार घेऊन दावा अडविला जातो.

त्याच दिवशी विमा कंपनीला दूरध्वनीने आणि ई-मेलने कळवावे व दाव्याचा क्रमांक घ्यावा. प्रादेशिक परिवहन कार्यालयाला लेखी सूचना द्यावी, म्हणजे वाहनाचे परस्पर हस्तांतरण रोखता येते. फास्टॅगवरून पथकर कापल्याचे संदेश आले असल्यास ते जपून ठेवावेत व तपास अधिकाऱ्याला दाखवावेत.

नोकरीनिमित्त झाशी, ग्वाल्हेर, भोपाळ अशा शहरांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी आणखी एक सूचना. महाराष्ट्रात नोंदलेले वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवायचे असेल, तर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४७ नुसार तेथे नवी नोंदणी करणे आवश्यक असते. विमापत्रावरील पत्ता आणि वाहन ठेवण्याचे ठिकाण यांतही मेळ असावा.

विलंबाचा प्रश्न : न्यायालयाची बदलती भूमिका

दावा फेटाळताना सर्वाधिक चर्चेत आलेले कारण म्हणजे 'कंपनीला उशिरा कळविले'. या प्रश्नावरील न्यायालयीन भूमिका टप्प्याटप्प्याने बदलत गेली.

ऑगस्ट २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका वाहनचोरीच्या प्रकरणात कंपनीची बाजू मान्य केली होती. त्या प्रकरणात पोलिसांत तक्रार वेळेवर झाली होती, पण कंपनीला काही महिन्यांनी कळविण्यात आले. तातडीने सूचना न मिळाल्याने कंपनीची तपासाची संधी हिरावली गेली, असे न्यायालयाने मानले. या निर्णयाचा आधार घेऊन पुढील काही वर्षांत अनेक दावे नाकारले गेले.

विमा नियामकाने २० सप्टेंबर २०११ रोजी परिपत्रक काढून सर्व कंपन्यांना सूचना दिली, की अपरिहार्य कारणाने झालेल्या विलंबामुळे खरे दावे यांत्रिकपणे फेटाळू नयेत. ४ ऑक्टोबर २०१७ रोजी न्यायमूर्ती आर. के. अग्रवाल आणि न्यायमूर्ती एस. अब्दुल नझीर यांच्या खंडपीठाने ट्रकचोरीच्या प्रकरणात हाच दृष्टिकोन स्वीकारला. कंपनीला आठ दिवस उशिरा कळविले गेले होते आणि त्यास समाधानकारक कारण होते. केवळ विलंबावर बोट ठेवून दावा नाकारल्यास विमा व्यवसायावरील लोकांचा विश्वास डळमळेल, असा इशारा न्यायालयाने दिला.

दोन खंडपीठांच्या निर्णयांत अशी तफावत राहिल्याने प्रश्न त्रिसदस्यीय खंडपीठापुढे गेला. न्यायमूर्ती एन. व्ही. रमणा, न्यायमूर्ती आर. सुभाष रेड्डी आणि न्यायमूर्ती भूषण गवई यांनी २४ जानेवारी २०२० रोजी त्याचा निकाल दिला. प्रकरण होते चोरीला गेलेल्या ट्रॅक्टरचे. मालकाने चोरीच्या दिवशीच पोलिसांत गुन्हा नोंदविला होता, मात्र कंपनीला सुमारे दीड महिन्यानंतर कळविले.

खंडपीठाने विमापत्रातील अटीची फोड करून पाहिली. अपघात झाल्यास कंपनीला तातडीने लेखी सूचना द्यावी आणि चोरीसारखा गुन्हा घडल्यास पोलिसांना तातडीने कळवून तपासास सहकार्य करावे, असे त्या अटीचे दोन भाग होते. चोरीत वाहन शोधण्याचे काम पोलिसांचे असते आणि सर्वेक्षकाची भूमिका मर्यादित राहते. म्हणून पोलिसांत त्वरित गुन्हा नोंदवला असेल, वाहन सापडत नसल्याचा अहवाल आला असेल आणि तपासात दावा खरा आढळला असेल, तर कंपनीला उशिरा कळविणे हे एकमेव कारण दावा फेटाळण्यास पुरेसे ठरत नाही, असा निर्णय झाला.

११ फेब्रुवारी २०२२ रोजी न्यायमूर्ती संजीव खन्ना व न्यायमूर्ती बेला त्रिवेदी यांच्या खंडपीठाने हेच तत्त्व लुटून नेलेल्या ट्रकलाही लावले. तेथे कंपनीला पाच महिन्यांनी कळविण्यात आले होते, मात्र गुन्हा दुसऱ्याच दिवशी नोंदविला गेला होता.

या निर्णयांचे संरक्षण पोलिसांत त्वरित जाणाऱ्यालाच मिळते, हे विसरता कामा नये. चार दिवस स्वतः शोध घेऊन मग ठाण्यात गेलेल्या मालकाला या निर्णयांचा तितका आधार घेता येणार नाही.

पंचाहत्तर टक्क्यांचा देकार

दाव्याच्या वाटाघाटीत '७५ टक्के' हा आकडा वारंवार पुढे येतो. विमा व्यवसायात त्यास 'नॉन-स्टँडर्ड' तडजोड म्हणतात. अटीचा भंग झाला आहे, पण तो दाव्याच्या मुळाशी जात नाही, अशा वेळी मान्य रकमेच्या ७५ टक्क्यांपर्यंत भरपाई देण्याची ही पद्धत आहे.

सर्वोच्च न्यायालयाने ८ मे २००८ रोजी ज्या प्रकरणात ती मान्य केली, ते झाशीच्या शेजारच्याच टापूतील होते. ग्वाल्हेरहून करौलीकडे जाणारे वाहन प्रवाशांच्या वेषातील अनोळखी इसमांनी हिसकावून नेले होते. खासगी वापरासाठी विमा उतरविलेले वाहन भाड्याने चालविले जात होते, म्हणून कंपनीने दावा नाकारला. न्यायालयाचे म्हणणे असे, की वाहन चोरीला गेले असता ते कोणत्या कामासाठी वापरले जात होते हा मुद्दा चोरीशी थेट निगडित नाही. अटीचा भंग झाला असे मानले, तरी संपूर्ण दावा फेटाळता येत नाही. राज्य आयोगाने दिलेली ७५ टक्के भरपाई न्यायालयाने कायम ठेवली. मार्च २०१० मधील आणखी एका निर्णयाने या पद्धतीची मार्गदर्शक श्रेणी स्पष्ट केली.

जुलै २०२३ मध्ये किल्ली वाहनातच राहिल्याच्या प्रकरणात हाच उपाय योजला गेला. चालक किल्ली तशीच ठेवून ट्रकमधून उतरला आणि ट्रक चोरीला गेला. हा निष्काळजीपणा असला, तरी दावा पूर्णतः नाकारण्याइतका मूलभूत भंग नव्हे, असे मानून ७५ टक्के भरपाई देण्यात आली.

वाटाघाटीच्या दृष्टीने या निर्णयांचा दुहेरी अर्थ आहे. कंपनी काहीही देण्यास तयार नसेल आणि मालकाकडून काही चूक घडली असेल, तर ७५ टक्क्यांची मागणी न्यायालयीन आधारावर उभी राहते. उलट, कोणत्याही अटीचा भंग झालेला नसताना कंपनीने ७५ टक्के देऊ केले, तर कोणत्या अटीचा भंग झाला हे लेखी विचारणे योग्य ठरते. वरील उदाहरणातील ४ लाख २० हजार रुपये म्हणजे ५ लाख ६० हजारांचे नेमके ७५ टक्के. भंग दाखविता येत नसेल, तर ही कपात निराधार आहे.

जेथे दावा खरोखरच अडचणीत येतो

सर्वच भंग क्षम्य मानले जात नाहीत. ३० सप्टेंबर २०२१ रोजी न्यायमूर्ती उदय लळित, न्यायमूर्ती एस. रवींद्र भट आणि न्यायमूर्ती बेला त्रिवेदी यांच्या खंडपीठाने नव्या मोटारीच्या चोरीचा दावा नामंजूर केला. जोधपूर येथे अतिथिगृहाबाहेरून ती मोटार चोरीला गेली, तेव्हा तिच्या तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपलेली होती आणि कायम नोंदणी झालेली नव्हती. नोंदणीविना वाहन रस्त्यावर आणणे हा मूलभूत भंग असल्याचे न्यायालयाने म्हटले.

जुनी मोटार विकत घेणाऱ्यांचीही अशीच अडचण होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ नुसार विमा नव्या मालकाच्या नावे झाल्याचे मानले जाते खरे, परंतु सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केले आहे, की हा लाभ तृतीय पक्षाच्या नुकसानीपुरता आहे. वाहनाच्या स्वतःच्या नुकसानीसाठी विमापत्र नव्या मालकाच्या नावावर करून घ्यावेच लागते. खेड्यापाड्यांत मोटारीचा व्यवहार विश्वासावर होतो, नोंदणी पुस्तक जुन्याच नावावर राहते आणि चोरी झाल्यावर दावा कोणी करायचा असा पेच पडतो. खरेदीनंतर चौदा दिवसांच्या आत दोन्ही कागद बदलून घेणे हाच त्यावरील उपाय.

कागदपत्रे आणि कालमर्यादा

चोरीच्या दाव्यात साधारणपणे विमापत्र, नोंदणी प्रमाणपत्र, खबरी अहवालाची प्रत, वाहनाच्या दोन्ही किल्ल्या, परिवहन कार्यालयाचे स्वाक्षरी केलेले नमुने २८, २९ व ३०, कर्ज असल्यास नमुना ३५ व बँकेचे पत्र, आणि वाहनावरील हक्क कंपनीकडे सोपविणारे पत्र मागितले जाते. किल्ल्या देताना त्यांची पोच अवश्य घ्यावी. एक किल्ली पूर्वी हरवली असेल, तर ते लपवू नये आणि नवी किल्ली बनविल्याचे बिल जोडावे.

यांखेरीज पोलिसांचा अंतिम अहवाल लागतो. महाराष्ट्रात गुन्हा खरा पण उघडकीस न आलेला असल्यास दाखल होणाऱ्या अहवालास 'अ समरी' म्हणतात. उत्तर प्रदेशात 'अंतिम रिपोर्ट' किंवा 'फाइनल रिपोर्ट' हा शब्द प्रचलित आहे. दाव्यातील बराच कालावधी या अहवालाच्या प्रतीक्षेत जातो. तपासाची प्रगती फिर्यादीस नव्वद दिवसांच्या आत कळविण्याचे बंधन नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ ने पोलिसांवर घातले आहे. फिर्यादीने त्याचा हवाला देऊन लेखी विचारणा करावी.

कंपनीवरही कालमर्यादा आहेत. विमा नियामकाच्या ११ जून २०२४ च्या मुख्य परिपत्रकानुसार दाव्याची सूचना मिळाल्यापासून २४ तासांत सर्वेक्षक नेमावा, त्याने १५ दिवसांत अहवाल द्यावा आणि तो मिळाल्यापासून ७ दिवसांत कंपनीने निर्णय घ्यावा. कागदपत्रे नाहीत एवढ्याच कारणावरून दावा फेटाळू नये, असेही त्यात नमूद आहे.

भरपाई मिळण्यापूर्वी वाहन सापडले, तर न्यायालयाकडून ते ताब्यात घेता येते आणि झालेल्या मोडतोडीचा दावा करता येतो. भरपाई मिळाल्यानंतर सापडलेल्या वाहनावर कंपनीचा हक्क असतो.

वाटाघाट कशी करावी

विमा दाव्यातील वाटाघाट ही बाजारातील घासाघीस नसते. येथे बोलण्यापेक्षा लेखी पत्रव्यवहाराला महत्त्व असते. देकार दूरध्वनीवरून आला, तर तो ई-मेलने पाठविण्याची विनंती करावी. कपात दाखविली असेल, तर प्रत्येक कपातीमागील विमापत्रातील कलम विचारावे. सर्वेक्षकाच्या अहवालाची प्रत मागावी. आपल्या उत्तरात घोषित मूल्य, वजावट आणि मागणीची रक्कम एका परिच्छेदात मांडून विमापत्राची प्रत जोडावी. उत्तरासाठी निश्चित तारीख द्यावी.

आणखी एक दक्षता 'पूर्ण व अंतिम' असे शब्द असलेल्या पावतीबाबत घ्यावी. पैशांची निकड असलेली कुटुंबे हाती येईल ते घेऊन स्वाक्षरी करतात. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये म्हटले आहे, की अशी स्वाक्षरी फसवणूक, गैरप्रभाव किंवा दडपणाखाली घेतली गेल्याचे सिद्ध झाल्यास ग्राहकाला पुढे दाद मागता येते. विमा नियामकानेही २४ सप्टेंबर २०१५ रोजी कंपन्यांना बजावले, की अशा पावत्यांचा उपयोग ग्राहकाचा मार्ग रोखण्यासाठी करू नये. परंतु दडपण सिद्ध करण्याची जबाबदारी ग्राहकावर येते. म्हणून वादग्रस्त रक्कम स्वीकारताना 'उर्वरित रकमेचा हक्क राखून' असे लिहावे आणि त्याच दिवशी तशा आशयाचा ई-मेल पाठवावा.

दाद कोठे मागावी

पहिली पायरी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याची. तेथे लेखी तक्रार करून पोच घ्यावी. विमा नियामकाच्या 'बिमा भरोसा' संकेतस्थळावर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदविता येते.

महिनाभरात उत्तर आले नाही किंवा ते समाधानकारक नसले, तर विमा लोकपालांकडे जाता येते. तेथे शुल्क नाही, वकिलाची आवश्यकता नाही आणि २०२३ मधील दुरुस्तीनंतर ५० लाख रुपयांपर्यंतची भरपाई लोकपाल देऊ शकतात. त्यांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत तक्रार करावी लागते. तोच वाद ग्राहक आयोगात किंवा न्यायालयात चालू असल्यास लोकपाल तो ऐकत नाहीत. झाशी जिल्हा, अर्थात टहरौलीसुद्धा, लखनौ येथील लोकपाल कार्यालयाच्या अधिकारक्षेत्रात येतो. महाराष्ट्रात मुंबई व पुणे येथे लोकपाल कार्यालये आहेत.

दुसरा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्याच्या कलम ३४ नुसार ग्राहक जेथे राहतो किंवा नोकरी करतो, तेथील आयोगाकडे तक्रार करता येते. त्यामुळे विमा कंपनीचे मुख्यालय मुंबईत असले, तरी टहरौलीतील मालकाला झाशीच्या आयोगातच दाद मागता येते. नागपूरला राहणाऱ्या कुटुंबाची मोटार प्रवासात झाशी जिल्ह्यात चोरीला गेली, तर त्याला नागपूर येथे तक्रार दाखल करता येते. आयोगाचे अधिकारक्षेत्र व शुल्क ग्राहकाने दिलेल्या मोबदल्यावर, विम्यात हप्त्याच्या रकमेवर, ठरते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्यासाठी शुल्क नसल्याने खासगी मोटारीच्या बहुतेक प्रकरणांत ते भरावे लागत नाही. मार्गदर्शनासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक उपलब्ध आहे.

ग्राहक आयोगासाठी मुदत दोन वर्षांची आहे आणि तिची गणना वादाचे कारण उद्भवल्यापासून होते. दावा फेटाळल्यानंतर कंपनीशी पत्रव्यवहार चालू ठेवला, म्हणून ही मुदत आपोआप वाढत नाही. फेटाळल्याच्या पत्रावरील तारीख वाहनमालकाने सर्वप्रथम लिहून ठेवावी. लोकपालांसाठी एक वर्ष आणि आयोगासाठी दोन वर्षे यांची मोजणी त्या तारखेपासून सुरू झालेली असते.